मनाची तयारीही पाहा

संपादक महोदय,
परिचर्या सहाय्यक अभ्यासक्रमाच्या प्रवेशावेळी दृष्टी, श्रवण, पाठ, क्षयरोग यांची तपासणी होते. ती हवीच. हिपॅटायटिस बी लशीचे 3 डोस पूर्ण व्हायला साधारण 6 महिने लागतात, म्हणून तीही तेव्हाच सुरू करावी. पण मनाचे काय? स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अचानक हात उगारतो. काल ज्याला भरवले, तो आज नसतो. कोवळ्या वयातल्या मुलामुलींवर हे सारे एकदम कोसळते. ‘सक्षम’ असा शिक्का मारलेल्या प्रमाणपत्राने ते निभत नाही. समुपदेशकाशी बोलणे हा प्रशिक्षणाचाच भाग असावा. आणि पूर्वी नैराश्यावर उपचार घेतले, एवढ्यावरून कुणाला प्रवेश नाकारू नये, नाहीतर मुले आजार लपवतील. रुग्णाला उचलण्याचे, कुशीवर वळवण्याचे तंत्र न शिकवताच पाठ दुखते म्हणून मुलीला घरी पाठवणे, हा तर सरळ अन्याय आहे.
– एक परिचारिका