झीरो केलेली दुर्बीण उतरवून देणाऱ्या काकाजींस

आदरणीय काकाजी,

सादर प्रणाम.

आपले नाव कुठेही लिहायचे नाही, अशी ताकीद आपण दिली आहे आणि ती मी पाळणार आहे. परंतु आभार मानू नकोस, असे काही आपण म्हणाला नव्हतात. तेवढ्या सवलतीचा फायदा घेऊन हे जाहीर पत्र लिहीत आहे.

चाळिशी ओलांडल्यावर, डोळ्यांवर चष्मा असताना, आयुष्यातली पहिली अचूक नेमाची रायफल घेऊ पाहणाऱ्या बाईला नागपुरात सल्लागारांची वाण पडत नाही. रायफल ठरवायला मला अडचण आली नाही, ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल हवी, हे पक्के होते. घोडे पेंड खात होते ते दुर्बिणीपाशी, आणि दुर्बिणीतही रेटिकलपाशी, म्हणजे आत दिसणाऱ्या नेमाच्या रेषा-खुणांपाशी. स्पर्धांत उतरणाऱ्या ओळखीच्या मंडळींनी तर दुर्बीण लागतेच कशाला, असा उलट प्रश्न केला. त्यांचे त्यांच्या जागी बरोबर आहे. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दुर्बिणीला परवानगीच नाही. तिथे पीप साइटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, नेम धरतात. मला मात्र पदकाची आस नव्हती. ५० मीटरवरच्या कागदावर छऱ्यांची छिद्रे एकमेकांना चिकटलेली पाहावीत, एवढेच वेड होते.

दुकानदारांविषयी मात्र थोडे कडू लिहिणे भाग आहे. एकाने मिल-डॉट रेटिकलची, म्हणजे मिल या कोनाच्या मापाने ठिपके आखलेली दुर्बीण पुढे केली, पण तिचे टरेट, म्हणजे नेम सरकवायची फिरकी, एमओए या कोनाच्या दुसऱ्याच मापात, दर क्लिकला पाव एमओए सरकणारे होते. छरा एक ठिपका खाली लागला, तर टरेट किती क्लिक फिरवायचे, असे मी विचारले. एक मिल म्हणजे ३.४३८ एमओए, म्हणून उत्तर साधारण चौदा क्लिक असे येते. डोळ्यांनी एका मापात पाहायचे आणि बोटांनी दुसऱ्या मापात फिरवायचे, हा द्राविडी प्राणायाम दर वेळी कोणी करायचा? त्यावर उत्तर मिळाले, "मॅडम, सगळे हेच नेतात," आणि तेही माझ्यासोबत आलेल्या भाच्याकडे पाहून. दुसऱ्याने ख्रिसमस ट्री प्रकारचे रेटिकल दाखवले, ज्यात मध्याखालचा सगळा भाग ठिपक्यांच्या रांगोळीने भरलेला होता, आणि जितक्या रेषा जास्त तितका स्कोप भारी, असे शास्त्र ऐकवले.

आपण मात्र कोणतेही शास्त्र न ऐकवता दोनच गोष्टी विचारल्यात: किती अंतरावर मारणार, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मला तेव्हा उमगले नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना आपल्या इथे सकाळी नऊनंतर जमिनीवरून जी लहर उठते, ती दुर्बिणीचे मॅग्निफिकेशन वाढवावे तितकी अधिक नाचते, आणि नाइलाजाने १६ पटीवरून ८ पटीवर यावे लागते. सेकंड फोकल प्लेनच्या दुर्बिणीत रेटिकल आहे तेवढेच दिसत राहते आणि लक्ष्य मात्र लहान होते. त्यामुळे १६ पटीला जी खूण एक मिलची असते, तीच ८ पटीला दोन मिलची होऊन बसते. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल लक्ष्याबरोबरच लहानमोठे होत असल्यामुळे खुणांचे माप कुठेही बदलत नाही. हे मी वाचलेले होते. त्याचा नागपूरच्या उन्हाशी असलेला संबंध आपण लावून दिलात.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे, तिच्याकडे येते. फर्स्ट फोकल प्लेनच्या रेषा कमी मॅग्निफिकेशनला फार बारीक होतात, मग माझ्या चष्म्याच्या डोळ्याला त्या दिसतील का, अशी शंका मी बोलून दाखवली. आपण उत्तर दिले नाहीत. खिशातून ॲलन की काढून आपण स्वतःच्या रायफलीवरची दुर्बीण रिंगांसकट (ती रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांसकट) उतरवलीत, माझ्या रायफलीवर बसवून दिलीत आणि म्हणालात, "घेऊन जा, सकाळ-दुपार-संध्याकाळ तिन्ही वेळी बघ, मग ठरव." नेमबाजीशी संबंध नसलेल्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. पण झीरो करून, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि छरा एकाच जागी पडतील अशी जुळवून, स्थिर झालेली दुर्बीण रायफलीवरून उतरवली, की पुन्हा बसवताना तोच झीरो सापडेल याची खात्री नसते. सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. आपण तो झीरो एका अनोळखी बाईच्या शंकेसाठी मोडलात, आणि तोंडाने मात्र माझ्या रिंगांच्या स्क्रूंबद्दल कुरकुरत होतात.

त्या दुर्बिणीतून जे कळले, ते कुठल्याही तक्त्यात सापडले नसते. ६ पटीला काळ्या वर्तुळावर मधल्या रेषा खरोखरच हरवतात, परंतु बाहेरच्या जाड पट्ट्या डोळ्याला मध्यापर्यंत आणून सोडतात, आणि संध्याकाळी रेटिकलचा दिवा अगदी मंद लावला की काम भागते. मधला ठिपका ०.०५ मिलचा असेल, तर ५० मीटरवर तो अडीच मिलिमीटर जागा झाकतो, म्हणजे छऱ्याच्या छिद्राहूनही लहान. माझ्या रायफलीत २५ मीटरला झीरो केल्यावर ५० मीटरला छरा सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १.३ मिल खाली उतरतो, ०.२ मिलच्या खुणा असल्या तर नेम नक्की कुठे धरायचा ते दिसते, अर्ध्या मिलच्या खुणांत अंदाजच करावा लागतो.

"माझीच घेऊ नकोस, मला लागते ते तुला लागेलच असे नाही," हेही आपणच बजावलेत. म्हणून आपल्या दुर्बिणीतली ती झाडासारखी जाळी मी सोडून दिली. लांबच्या पल्ल्यावर वारा आणि छऱ्याचा उतार एकदम हिशेबात धरणाऱ्यांना ती हवी, ५० मीटरला तिची अडगळच होते. फर्स्ट फोकल प्लेन, रेटिकल मिलमध्ये, टरेटही ०.१ मिल क्लिकचे, मध्ये सुटा ठिपका, असे ठरवले. खर्च थोडा वाढला, त्याचे मला वाईट वाटत नाही.

काकाजी, माहिती असणारी माणसे पुष्कळ भेटतात. ती माहिती समोरच्याला लहान न करता देणारी फार थोडी असतात, आणि त्यासाठी स्वतःची घडी विसकटू देणारी त्याहून थोडी. अशा माणसांमुळेच नवख्यांना या छंदात पाऊल टाकावेसे वाटते. दुकानांच्या भरवशावर राहिले असते, तर मी रायफल तशीच पेटीत ठेवून दिली असती.

माझी दुर्बीण आली आहे. येत्या रविवारी सकाळी आपली परत घेऊन येते. ती पुन्हा झीरो करण्यासाठी लागतील तेवढे छरे माझ्याकडून राहतील, आपल्या रायफलीला मानवणाऱ्याच डब्यातले. कृपया नाही म्हणू नये. आणि स्क्रू मी नवे आणले आहेत, तेवढे एकदा पाहून द्यावेत.

आपली नम्र,
रेंजवरची चष्मेवाली विद्यार्थिनी
नागपूर