कॉफीच्या शहरांत बसायचं कुठं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॉफीसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरांवरचा लेख वाचला. दहा शहरं, प्रत्येक शहरात दहा ठिकाणं, आणि वर सल्ला असा की दोन दिवसांत ही दहाही ठिकाणं 'करून टाका'. मी ६४ वर्षांची निवृत्त मुद्रितशोधक. डॉक्टरांनी मला दिवसाला कॉफीचे दोनच कप मंजूर केलेत. प्रवासात सोबत असते थोरली बहीण; तिचं वय ७१ आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. लेखातल्या हिशेबानं मला एक शहर संपवायला पाच दिवस लागतील. ताईला तर ते संपवताच यायचं नाही, कारण त्या दहा ठिकाणांपैकी कुठं बसायला खुर्ची आहे आणि कुठं नाही, याचा लेखात पत्ताच नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. कॉफी कुठली चांगली ते लेखात भरभरून लिहिलंय. पण ती मागायची कशी, उभ्यानं प्यायची की बसून, पैसे आधी द्यायचे की नंतर, आणि उठायचं कधी, यावर एक ओळ नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघींनी यातली सहा शहरं पाहिली. कॉफीनं आम्हाला कुठंच दगा दिला नाही. फजिती झाली ती या न लिहिलेल्या गोष्टींपायी.

आधी व्हिएन्ना, कारण लेखाची सुरुवात तिथूनच आहे आणि चुकांचीही. १६८३ चा तुर्की वेढा उठल्यावर मागं राहिलेली कॉफीची पोती कोल्शित्स्की नावाच्या माणसाला मिळाली आणि त्यानं शहरातलं पहिलं कॉफीगृह काढलं, असं लेखात ठासून सांगितलंय. गोष्ट छान आहे, पण ती दंतकथा. कागदोपत्री तो मान योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याकडे जातो. कॉफी विकायचा परवाना त्याला १६८५ साली मिळाला. दुसरं म्हणजे, लेखात म्हटलंय तशी व्हिएन्नाची कॉफीगृहं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत नाहीत. २०११ साली त्यांची नोंद झाली ती ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय यादीत. जागतिक यादीत आहे ती तुर्की कॉफी, २०१३ पासून, आणि अरबी कॉफी, २०१५ पासून. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, त्यामुळे ही खोड जात नाही. राग मानू नये.

तर व्हिएन्ना. १८८० सालच्या काफे श्पेर्लमध्ये आम्ही पहिल्या दिवशी गेलो. उंच छत, मधोमध बिलियर्डची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. ताईनं आधी खुर्ची हलवून पाहिली आणि मगच टेकली. मी वेटरला नुसतं 'कॉफी' म्हटलं. तो तसाच उभा. गरम दूध आणि दुधाचा फेस घातलेली मेलांज हवी, थोड्याशा दुधाची छोटी ब्राउनर हवी, की काचेच्या पेल्यात काळ्या कॉफीवर फेटलेल्या सायीचा डोंगर घातलेली आइनश्पेनर, हे सांगितल्याशिवाय तिथं काही हलत नाही. आम्ही मेलांज घेतली. ती चांदीसारख्या तबकातून आली, सोबत पाण्याचा पेला. थोड्या वेळानं वेटर न सांगता पाणी पुन्हा भरून ठेवून गेला. ताई कुजबुजली, "अगं, उठा म्हणतोय तो." लगबगीनं बिल मागितलं आणि वीस मिनिटांत बाहेर पडलो.

रात्री आमच्या राहत्या जागेच्या मालकीणबाईंना हे सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. पाणी भरतात ते 'बसा' म्हणायला. आपण मागेपर्यंत बिल येत नाही, एका कपावर दुपार काढली तरी कुणी भुवई उंचावत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो आणि तीन तास बसलो. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं तिथं फळीवर असतात. मला जर्मन येत नाही. तरी एक उचललं, मांडीवर घेतलं आणि स्तंभांमधल्या मोकळ्या जागा न्याहाळत बसले. ओळ कुठं तुटली, कुठं ताणली, हे भाषा न कळताही कळतं. इतकं निवांत वर्तमानपत्र मी नोकरीत असताना कधी पाहिलं नव्हतं.

तिथून रेल्वेनं इटलीतल्या त्रिएस्तेला गेलो. आपल्या यादीत हे शहर दहाव्या क्रमांकावर आणि चार ओळींत उरकलंय, याचं मला खरोखर वाईट वाटलं. व्हिएन्नाच्या कपात जी कॉफी पडली तिच्यातली बरीचशी या बंदरात उतरली होती. सम्राट सहावा चार्ल्स यानं १७१९ साली त्रिएस्तेला खुलं बंदर जाहीर केलं, आणि १८५७ साली व्हिएन्नापासून इथपर्यंत रेल्वे आली. १९१८ पर्यंत हे व्हिएन्नाहून चालणाऱ्या हाब्सबुर्ग साम्राज्याचंच बंदर होतं. म्हणून तर इटलीत असूनही इथं व्हिएन्नासारखी ऐसपैस, बसायची कॉफीगृहं आहेत. तोमासेओ १८३० चं, सान मार्को १९१४ चं. सान मार्कोत आता पुस्तकांचं दुकानही आहे. कॉफी संपली की पुस्तकं चाळायची, पुस्तकं चाळून पाय दुखले की पुन्हा कॉफी. इली ही कॉफीची कंपनीसुद्धा इथलीच, १९३३ सालची.

पण मागायची भाषा मात्र ना व्हिएन्नाची, ना उरलेल्या इटलीची. ताईनं ऐटीत कापुचीनो मागितली. समोर आली ती बोटभर उंचीची, दुधाचा ठिपका असलेली कपातली कॉफी. ताईचा चेहरा पडला. तिला वाटलं, म्हातारी बघून फसवलं. शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी कागदाच्या रुमालावर आम्हाला लिहूनच दिलं. एस्प्रेसो हवी तर 'नेरो' म्हणा. तिच्यात थोडं दूध हवं तर 'कापो'. तीच काचेच्या छोट्या पेल्यात हवी तर 'कापो इन बी'. हा 'बी' म्हणजे बिक्किएरे, पेला. आणि बाहेरचं जग जिला कापुचीनो म्हणतं ती मोठी हवी असेल, तर 'काफेलात्ते' मागा. तो रुमाल मी अजून पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवलाय. संध्याकाळी बोरा सुटला, म्हणजे तिथला तो कुप्रसिद्ध वारा. रस्त्यावर पाय ठरेना. एका कॉफीच्या दुकानाचं दार दोघींनी मिळून ढकललं आणि आत शिरल्या शिरल्या मी एका दमात म्हटलं, "दोन कापो इन बी." मागच्या माणसानं काहीही न विचारता पेले पुढं ठेवले. परक्या भाषेत बिनचूक बोललेलं माझं आयुष्यातलं हे एकमेव वाक्य.

नेपल्समध्ये ताईची खरी परीक्षा होती, कारण तिथं कॉफी उभ्यानं प्यायची. गर्दीच्या ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती घेऊन काउंटरपाशी. ताई घाबरली होती, पण उभं राहायचं ते किती? आधी पाण्याचा घोट, मग तीन घोट कॉफी, दीड मिनिटात खेळ खलास. गुडघ्यांना कळायच्या आत आम्ही रस्त्यावर. तिथं कप उकळत्या पाण्यात ठेवलेले असतात, म्हणून कपाची कड ओठाला लावताना सावध राहावं. माझा ओठ दोन दिवस दुखत होता; हीसुद्धा लेखात असायला हवी होती अशी माहिती. 'काफे सोस्पेसो' ही तिथलीच रीत. आपण एक प्यायची आणि दोनचे पैसे द्यायचे. दुसरी पुढं कुणी खिसा रिकामा असलेला येईल त्याची. ताईनं दोनदा असे पैसे दिले आणि दोन्ही वेळा रस्त्यापलीकडं उभी राहून, ती कॉफी कोण घेतं ते बघत बसली. कळलं नाही अर्थातच. सगळे सारख्याच कपातून पीत होते.

आपल्याकडं आलेल्या एका वाचकाच्या पत्रात, व्हेनिसच्या चौकात कॉफीच्या बिलात वाद्यवृंदाचे पैसे लावून लुटलं, अशी तक्रार होती. ती लूट नव्हे. इटलीत काउंटरचा भाव वेगळा आणि टेबलाचा वेगळा, आणि दरपत्रक लावलेलं असतं. व्हेनिसच्या सान मार्को चौकात बाहेर बसलं आणि वाद्यं चालू असली, तर त्यांचा आकार वेगळा पडतो. बसण्यापूर्वी वाचावं, नाहीतर आत जाऊन उभ्यानं प्यावी.

इस्तंबूलमध्ये लक्षात ठेवायची गोष्ट एकच, साखर. कॉफी जेझवेत, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, साखरेसकटच उकळते, म्हणून मागतानाच सांगावं लागतं: साधी हवी तर 'सादे', मध्यम गोड हवी तर 'ओर्ता'. नंतर चमचा मागून उपयोग नाही. ढवळलं की तळचा गाळ वर. शहराच्या एमिनोन्यू भागात मेहमेत एफेंदींचं १८७१ पासूनचं दुकान आहे. तिथं बसायला मिळत नाही, मिळते फक्त ताजी दळलेली कॉफी, कागदात बांधून, रांगेत उभं राहून. ताई म्हणाली, वासावरच भागलं. त्याला लागूनच ताहताकाले, जिथं १५५० च्या दशकात अलेप्पो आणि दमास्कसहून आलेल्या दोघांनी शहरातली पहिली कॉफीघरं उघडली. पुढं १६३३ साली सुलतान चौथा मुराद यानं कॉफीघरांवर बंदी घातली. माणसं एकत्र बसली की राज्यकर्त्यांबद्दल बोलतात, ही भीती. गंमत म्हणजे आज त्या गल्ल्यांत दिवसभर हातोहात फिरतात ते चहाचे पेले. पण न्याहारीला तुर्की भाषेत शब्द आहे 'काहव्हाल्ती', म्हणजे कॉफीच्या आधीचं खाणं.

अदिस अबाबा हे माझ्या दोन कपांच्या नियमाचं स्मशान. विमान बदलताना दोन दिवस मिळाले म्हणून थांबलो. अतिथिगृहाच्या बाईंनी दुपारी 'बुना'ला बोलावलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, धूप जळतोय. त्यांनी हिरव्या बिया आमच्यासमोर धुतल्या, तव्यावर भाजल्या, आणि धूर निघत असलेला तवा एकेकीच्या नाकासमोरून फिरवला. मग कुटल्या, मातीच्या जेबेनात उकळल्या. सोबत मक्याच्या लाह्या. तासभर गेला तेव्हा पहिला बिनकानाचा कप हातात आला. लेखात याला 'पारंपरिक कॉफी, जरूर चाखा' एवढ्यावर सोडलंय. पण हे कप तीन असतात: अबोल, तोना आणि बरका. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून प्रत्येक फेरी आधीपेक्षा फिकी होत जाते, आणि तिसरी आशीर्वादाची. पहिला पिऊन उठणं बरं दिसत नाही. सकाळीच मी एक कप रिचवला होता. ताईकडं पाहिलं. ती म्हणाली, "आशीर्वाद डॉक्टरला विचारून घेतात का?" दुसऱ्या दिवशी मी कॉफीला शिवले नाही आणि हिशेब जुळवला.

राहिलं हनोई. अंड्याची कॉफी १९४६ सालची, दूध मिळेना म्हणून अंड्याचा बलक फेटून काढलेली युक्ती. हे लेखात बरोबर आहे. जिथं ती मिळते त्या काफे जांगमध्ये कप गरम राहावा म्हणून तो गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, हेही आहे. नाही ते हे, की तिथली बहुतेक बैठक वीतभर उंचीच्या स्टुलांवर असते. ताई खाली गेली. कॉफी तिला इतकी आवडली की दुसरीही घेतली. वर यायला मात्र मला आणि दोन अनोळखी मुलांना मिळून हात द्यावा लागला.

यादीतल्या मेलबर्नला आम्ही गेलेलो नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक ठिकाणासमोर चार रकाने वाढवावेत ही विनंती: उभ्यानं की बसून, बैठक किती उंच, पैसे आधी की नंतर, साखर कधी सांगायची. जागा कमी पडली तर ठिकाणं दहाऐवजी तीन करा. मुद्रितं तपासायला मी विनामूल्य तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. : लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'तुर्की कॉफीचं भांडं' असं छापलंय. गोल पोटाचं, उंच मानेचं ते मातीचं काळं भांडं इथिओपियाचं जेबेना आहे. जेझवेला मान नसते, लांब दांडा असतो. ताईला विचारून खात्री केली आहे.