मम्मीचं फुलपात्र आणि पाचवा शब्द

प्रिय बाळा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

फोनवर बोलायला गेलं की तू "हो पप्पा, बरी आहे, जेवले, नाईट होती" एवढंच बोलतेस आणि मी पण "बरं बरं, सांभाळून राहा" म्हणून ठेवून देतो, म्हणून हे टाईप करतोय. एका बोटाने करतोय त्यामुळे दोन-तीन रात्री लागतील बहुतेक, चुका असतील त्या समजून घे.

झालं असं की पाळकसाहेबांनी यंदा उत्तम शुक्रवारच्या उपासनेत मला एक शब्द दिलाय. तुला माहितीये, बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात शब्द, सात जण बोलतात. इतकी वर्षं मी सतरंज्या टाकणं, माईक बघणं, लाईट गेली तर जनरेटर चालू करणं एवढंच केलं, एसटी डेपोत 31 वर्षं नटबोल्टचे पाने धरलेला माणूस मी, पुलपिटवर उभा राहून काय बोलणार. नाहीच म्हणणार होतो. पण त्यांनी पाचवा शब्द सांगितला. "मला तहान लागली आहे." योहान 19, ओवी 28. ते ऐकल्यावर माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही, कारण अख्ख्या मंडळीत तहानेबद्दल आपल्या घराइतकं कुणाला माहितीये.

मग वही घेऊन बसलो. चार दिवस झाले, वहीत एक ओळ नाही. आज पहाटे कळलं का होत नाहीये ते. आधी तुझ्याशी बोलायचं राहिलंय.

कबरस्थानातलं बोलतोय मी. जुलैचा चिखल होता, मम्मीची पेटी खाली सोडली, तू मातीची मूठ धरून उभी होतीस आणि ती मूठ तुझ्याच्याने उघडेना, आणि तुझा हुंदका फुटला. मी तुझा दंड धरला, चांगला जोरात धरला, आणि तुझ्या कानात म्हणालो, "रडू नको, लोक बघतायत, आपण आशा नसलेल्यांसारखं करायचं नाही." तू गप्प झालीस. एकदम. माती टाकलीस आणि मागे सरकलीस. त्यानंतर नऊ महिन्यांत मी तुला रडताना बघितलेलं नाही. घरी सांत्वनाला आलेले लोक म्हणाले, किती खंबीर आहे हो हे कुटुंब, विश्वास असावा तर असा, आणि मला बरं वाटलं बाळा. खरं सांगतो, बायकोला माती देऊन आलो होतो आणि लोकांनी विश्वासाचं कौतुक केलं म्हणून मला बरं वाटलं. ही गोष्ट मला आता झोपू देत नाही.

चुकलं माझं. लेकीला आईच्या कबरीवर रडू दिलं नाही मी. मला माफ कर.

आणि वचन पण अर्धंच लावलं होतं. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलंय की आशा नसलेल्या इतरांसारखा खेद करू नका. "इतरांसारखा" हा शब्द मी गिळून टाकला आणि "खेद करू नका" तेवढं तुझ्या कानात सांगितलं. संडे स्कूलमध्ये मत्तयाचा पाचवा अध्याय तोंडपाठ म्हटला म्हणून मला बक्षीस मिळालं होतं, त्यात ढळढळीत लिहिलंय, "जे शोक करतात ते धन्य, कारण त्यांचे सांत्वन करण्यात येईल." पाळकसाहेब सांगत होते की तिथला मूळ शब्द मेलेल्या माणसासाठी करतात त्या शोकाचा आहे, साधं वाईट वाटणं नाही. ज्याने शोक केलाच नाही त्याचं सांत्वन देव तरी कशाचं करणार. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीजवळ प्रभूला माहीत होतं की पाच-दहा मिनिटांत हा उठून बाहेर येणार आहे, तरी तो रडला, आणि चारचौघांत रडला, बघणाऱ्यांनी त्याच्यावर शेरे पण मारले. मला मात्र लोकांची पडली होती.

आता पाण्याचं बोलतो. हे लिहायला मला जड जातंय पण तुला पण हेच आत टोचतंय हे मला माहितीये, तू बोलली नाहीस तरी.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा तूच कागदावर लिहून फ्रिजला लावलं होतंस, दिवसाला 750 मिली, चहा, आमटी, गोळ्यांचं पाणी सगळं धरून. मम्मीने तिचं ते छोटं फुलपात्र काढलं, तू मोजून सांगितलंस यात दीडशे बसतं, म्हणजे पाच फुलपात्रं. मंगळवार-शुक्रवार चार-चार तास मशीनवर, आणि मधल्या दिवसांत ती पाच फुलपात्रं. ती सकाळी पाच वाटाणे ओट्यावर ठेवायची आणि एक फुलपात्र झालं की एक वाटाणा उचलून डब्यात टाकायची. संध्याकाळपर्यंत एक वाटाणा शिल्लक ठेवायला ती काय करायची ते मी बघितलंय, लिंबाची फोड चोखायची, गुळणी करून थुंकायची, बर्फाचा खडा गालात धरून बसायची. पाय सुजायचे, तू शिकवल्यासारखं मी नडगीवर अंगठा दाबून बघायचो आणि तो खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते मोजायचो. नळ सुरू असला की ती आत निघून जायची. त्याआधी तहान म्हणजे काय मला माहीत नव्हतं गं, माठ भरलेला असतो तेव्हा लागते ती तहानच नाही.

आणि तो शेवटचा रविवार. व्हिडिओ कॉलवर ती तुला म्हणाली, "आज फार तहान लागलीय गं, थोडं घेऊ का," आणि तू म्हणालीस, "मम्मी, आजचं झालंय तुझं, उद्या सकाळी." मंगळवारी ती मशीनवर असतानाच गेली.

तू बरोबर बोललीस. नर्स म्हणून बरोबर आणि मुलगी म्हणून पण बरोबर. छातीत पाणी भरून तिला त्याआधी एकदा रात्री दोनला ॲडमिट केलं होतं, ते तुला सांगायची गरज नाही. पण कॉल बंद झाल्यावर काय झालं ते मी तुला कधी सांगितलंच नाही. ती हसली, म्हणाली, "कडक सिस्टर आहे माझी." मग तिचे ओठ बघवेनात म्हणून मी माझा रुमाल ओला केला, पिळला आणि तिच्या ओठांना लावला. तिने त्याचं एक टोक तोंडात धरलं आणि चोखलं, लहान बाळासारखं, अर्धा मिनिट असेल. मग म्हणाली, "बास." आणि झोपली. चांगली झोपली त्या रात्री.

परवा वही घेऊन योहान 19 वाचत होतो, 29 व्या ओवीत आलं, त्यांनी आंबेने भरलेला स्पंज एजोब झुडपाच्या काठीवर ठेवून त्याच्या तोंडाला लावला. पन्नास वर्षं वाचतोय मी हे. तिथे मला माझा रुमाल दिसला. पुढचं वाचता आलं नाही, उठून मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

आंब म्हणजे त्या शिपायांचं स्वतःचं रोजचं स्वस्त पेय, आंबलेला द्राक्षारस. ज्याने विहिरीवर त्या शोमरोनी बाईला जिवंत पाण्याचं सांगितलं, त्यानेच मागितलं, आणि दिलं कुणी तर खिळे ठोकणाऱ्यांनी, आणि त्याने ते घेतलं. विहिरीवरसुद्धा पहिलं वाक्य त्याचंच आहे बघ, "मला प्यायला पाणी दे." बोलणं मागण्यापासून सुरू केलं त्याने. मी जन्मभर नम्रता म्हणजे खाली मान, पुढे पुढे न करणं, मागच्या बाकावर बसणं असंच समजत आलो, आणि त्या मागच्या बाकावर बसून कुणाकडे काही मागायचं नाही याचा मला केवढा अभिमान होता. मत्तयाच्या त्याच अध्यायातल्या "आत्म्याने दीन" मधला दीन म्हणजे ग्रीकमध्ये भिकारी म्हणे, प्तोखोस, ज्याच्याकडे मागण्याशिवाय दुसरं काही उरलेलंच नाही असा.

मम्मी गेल्यावर महिला मंडळाने पाळी लावून डबे पाठवायला सुरुवात केली होती, मी "जेवण झालंय" म्हणून परत पाठवायचो. झालेलं नसायचं. बिस्किटं खाऊन झोपायचो. तुला फोनवर "वरण-भात केला" सांगायचो ते पण खोटं होतं. मग चर्चचं कंपाउंड झाडणाऱ्या मावशी आहेत ना, त्या एका संध्याकाळी आल्या, विचारलं काही नाही, सरळ आत येऊन ताटली काढली, बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी, आणि समोर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या बाईंनी माझ्या पोरीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू दिले होते, ते मी नाही म्हणाले नव्हते." मी खाल्लं. त्यांच्या घरात किती भाकऱ्या होतात ते मला माहितीये, त्यातली ती होती.

तुला लहानपणी केडगावला नेलं होतं, आठवतं का, दौंडजवळचं, आपल्या नगरचं नाही, रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. पंडिता रमाबाईंचं मम्मीला फार होतं. 1874 च्या दुष्काळात आईवडील गेले त्यांचे, एवढं विद्वान घर, आणि आई शेवटच्या घटका मोजताना रमाबाईंना शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागायला जावं लागलं, तोंडातून शब्द फुटेना, आणि मिळालेला तुकडा आईच्या घशाखाली उतरला नाही. मग 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, आणि म्हातारपणी 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा. तरी बाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं, ते संपवलं आणि एप्रिल 1922 मध्ये गेल्या. मम्मी हे सांगायची तेव्हा मला वाटायचं केवढी हिंमत. आता मला तो भाकरीचा तुकडाच आठवतो. दुष्काळातल्या एवढ्या पोरी त्यांनी केडगावला आणून जेवू घातल्या, त्यांना दारात उभं राहून मागणं काय असतं ते माहीत होतं.

तू डिसेंबरात म्हणाली होतीस, "पप्पा, प्रार्थनेला बसते आणि समोर नुसती भिंत असते, म्हणून चर्चला जात नाही." मी तेव्हा "सैतान येऊ देत नाही, नेट लाव" असं काहीतरी बोललो. ते पण सोड. तुझा आवाज कापत होता हे मी ऐकलं होतं आणि ज्याला देव नकोच झालाय त्याचा आवाज असा कापत नाही. बेचाळिसावं स्तोत्र काढून बघ. "हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते" एवढंच आपण गातो, पुढचं वाच, माझे अश्रू रात्रंदिवस माझा आहार झाले म्हणतो तो, आणि पूर्वी मी लोकांच्या बरोबर देवाच्या मंदिरात जायचो ते आठवतो. म्हणजे लिहिताना तो जात नव्हता गं. लांब कुठेतरी एकटा होता आणि लोक विचारत होते तुझा देव कुठे आहे. स्तोत्र संपतं तेव्हाही त्याला पाणी मिळालेलं नसतं, स्वतःच्याच जिवाला तो विचारत असतो, तू का खिन्न झालास. आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ही बायबलमध्ये ठेवलीत, कुणी काढून टाकली नाहीत. "नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य" हे मी आता मम्मीचा चेहरा डोळ्यासमोर ठेवून वाचतो, तान्हेलं माणूस काय असतं ते आपण दोघांनी बघितलंय. तुला जे होतंय त्याला मी अविश्वास म्हणणार नाही, कुणाला म्हणूही देणार नाही. नुसतं भिंतीसमोर बसायचं असेल तर बस. रडायला आलं तर रड, नाईट ड्युटीच्या चेंजिंग रूममध्ये आलं तर तिथे रड. मला फोन कर, बोलू नकोस, चालू ठेव नुसता.

फुलपात्र ओट्यावरच आहे. पाच वाटाणे पण तिथेच आहेत, मी हलवले नाहीत. शुक्रवारी ते खिशात घालून नेणार आहे, बघू दाखवायचं धाडस होतं का.

आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, तू पैसे पाठवलेस ते पण मी परत केले. आता मागतो. सुट्टी मिळत असेल तर शुक्रवारी ये, शिवाजीनगरहून सकाळी सातची गाडी धरलीस तर वेळेत पोचशील. आत यायचं नसेल तर बाहेर चिंचेखाली थांब, तिथे स्पीकरचा आवाज येतो. मला एकट्याला ते पाचव्या शब्दाचं जमणार नाही. आणि तीन वाजता सुटलं की आपण दोघं कबरस्थानात जाऊ, तुला पाहिजे तेवढा वेळ थांबू, मी तुझा हात धरणार नाही, म्हणजे तू धरलास तर धरीन.

तुझा,
पप्पा