चिमीचं कपाट

पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आधी गोळी घ्या, मग वाचा. चिमीचं सागवानी कपाट मी काल सुताराला फोन करून थांबवलं. विसार बुडाला तो मी भरते, त्यावर वाद नको.

वाड्याच्या त्या फळ्या तुम्ही कशा जपल्यात, मला का माहीत नाही? पावसाळ्यात ताडपत्री आधी त्यांच्यावर पडायची, मग आमच्या सायकलींवर. पण जावईबापूंची दर दोन-तीन वर्षांनी बदली. क्वार्टरमध्ये पलंग, कपाट, टेबल लष्कराच्या एमईएस खात्याकडून भाड्याने मिळतं. फील्ड पोस्टिंग आलं की चिमीला बिऱ्हाड वेगळं हलवावं लागणार. साडेसहा फुटी कपाटाला दर वेळी लाकडी खोका ठोकायचा, चार माणसं लावायची... चिपळूण सोडताना आरशाचं काय झालं ते मी लिहीत नाही. आठवडाभर विचार केलाय हो, उगाच नाही.

त्यातल्याच एका फळीचा मिटता देव्हारा होतोय, ट्रंकेत बसेल एवढा. काळ्या ट्रंका दोन घेतल्यात, नावं रंगवून. हुद्दा नाही घातला, तो वाढत राहो. शिवाय मिटणारी विळी. आत्ता हसेल, पण पठाणकोटला नारळ खवायची वेळ आली की कळेल.

आई, तुझी गोधडी हवी. तू शिवत बसू नकोस, मोतीबिंदूचा डोळा अजून ओला आहे. बाई मी बघितलीय. तू फक्त जांभळी इरकल आणि बाबांची जुनी धोतरं काढून दे, शेवटचे चार टाके तुझे. नव्या गावात पहिल्या रात्री आम्ही दोघी एकाच गोधडीत, आणि चिमी टोक चोखत झोपायची. ओलं टोक कायम माझ्या वाट्याला.

उरलेल्या पैशांत तुमची पठाणकोटची, झेलम एक्स्प्रेसची तिकिटं. भांडी नकोत, आई-बाबांना पाठव, हे तिचंच मागणं. फेब्रुवारीत जा, तोवर तिकडची थंडी ओसरते. आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, ते मी बघते. एसी, दोन्ही खालचे बर्थ मागते. दोन रात्रींचा प्रवास आहे, पण गुडघ्यांना त्रास होणार नाही. तिच्याकडे गीझर आहे, कमोड आहे, आणि सकाळचा चहा तुमच्यासारखाच आल्याचा. ज्येष्ठांची सवलत 2020 मध्येच बंद झाली, बाबा, ते मला परत सांगू नका.

बीपीची वही रोज भरा. आई, उपासाच्या दिवशी गोळी चुकवायची नाही. रात्री उठलात तर दिवा लावा.

दहा फळ्या परत येतील, सुताराने मोजल्यात. त्या ठेवायला शेजारच्या पोराला माळ्यावर चढू द्या. तुम्ही खाली उभं राहून ओरडा.

तुमची,
मोठी