‘व्यायाम करा’ एवढे लिहून भागत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

रक्तदाबाच्या रुग्णाच्या कागदावर गोळीचे नाव, मात्रा, वेळ सगळे असते. व्यायामापुढे मात्र ‘नियमित करा’ एवढेच. कोणता, किती मिनिटे, किती जोर लावून, हेही तिथे लिहिणे प्रत्येक सरकारी दवाखान्याला बंधनकारक करा, ही आमची मागणी आहे.

कारण प्रकारागणिक परिणाम बदलतो. २०२३ साली २७० चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. झपझप चालणे, सायकल अशा व्यायामाने वरचा दाब सरासरी ४.५ मिलिमीटर उतरला. वजनांच्या व्यायामानेही साधारण तेवढाच. दोन्ही जोडीने केल्यास ६. आणि शरीर न हलवता स्नायू ताणून धरण्याच्या, म्हणजे आयसोमेट्रिक व्यायामाने ८ हून थोडा जास्त. त्याच्या चाचण्या कमी आणि लहान आहेत, त्यामुळे चालणे सोडून हाच करा असे आम्ही म्हणणार नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे चालणे हवेच. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने.

आयसोमेट्रिकची कृती सोपी आहे. पाठ भिंतीला टेकवून, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून २ मिनिटे थांबायचे, २ मिनिटे विश्रांती; असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला कमी वाकावे. गुडघे दुखत असतील तर हाताने दाबायची ग्रिप घ्यावी, पूर्ण ताकदीच्या साधारण ३० टक्के जोराने.

चूक होते ती श्वासात. जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि दाब क्षणात उसळतो. जड वजन उचलताना तर हा धोका फारच मोठा. श्वास सुरू ठेवा, हे कागदावर ठळक छापले पाहिजे. बसल्या जागी दाब १८०/११० च्या वर असेल तर आधी औषधाने तो आटोक्यात आणावा, मग व्यायाम. बीटा ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधानेच मंदावलेली असते. व्यायामाचा जोर ठरवायला त्यांना नाडीचे आकडे सांगून उपयोग नाही, दम किती लागतो हे विचारावे.

व्यायाम थांबवला की काही आठवड्यांत दाब पुन्हा चढतो, हेही रुग्णाला सांगायला हवे. दाब उतरला म्हणून गोळी मनाने बंद करू नये, हेसुद्धा.

आणखी एक. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब आहे त्याहून जास्त दिसतो. व्यायामाचा फरक पाच-सहा मिलिमीटरचा. तो या चुकीत बुडून जातो. म्हणून प्रत्येक दवाखान्यात मोठा पट्टा द्या, आणि पाच मिनिटे शांत बसवल्याशिवाय दाब मोजू नये असा लेखी आदेश काढा.

आपले,
व्यायामोपचार क्षेत्रातील कार्यकर्ते