थारमधली हिरवळ नीट पारखायला हवी

महोदय,

थारचे वाळवंट हिरवे होत असल्याच्या बातम्या वाचून अनेकांना आनंद होतो. पण उपग्रहचित्रातला तो हिरवा पट्टा सेवण गवताचा आहे, कालव्यावरच्या पिकाचा आहे की विलायती बाभळीचा, हे पाहिल्याशिवाय आनंद मानणे घाईचे ठरेल. जैसलमेरकडे वर्षाला जेमतेम १५० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. अशा जमिनीत सेवणाचे ठोंब मुळांनी वाळू धरून ठेवतात आणि दुष्काळात वरून वाळले तरी पावसाच्या सरी येताच पुन्हा फुटतात. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचले तिथे ट्रॅक्टरच्या नांगरटीत हेच ठोंब मुळासकट उपटले गेले आणि पुढे काही भागांतली जमीन पाणथळ व खारवट झाली. उंटाच्या नांगराने शेतकरी खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, रोपाला वळसा घालून जाऊ शकत असे. ट्रॅक्टरच्या फाळाखाली ते रोप वाचत नाही.

ज्या खेजडीसाठी १७३० मध्ये खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले, ती आता सौरप्रकल्पांसाठी तोडली जाते, याचे फार वाईट वाटते. सौरऊर्जा हवीच. मात्र गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या ओरण, म्हणजे देवराईच्या, जमिनींची सरकारी दप्तरातली ‘पडीक’ अशी नोंद आधी बदलावी आणि जागा ठरवताना त्या वगळाव्यात, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे