पारितोषिक एका खात्याचे, बंदी दुसऱ्याची

महोदय,

लेखकाने सरकारी पुरस्कार घ्यावा की परत करावा, यावर आपल्या पत्रांच्या सदरात सध्या चांगलीच जुंपली आहे. दोन्ही बाजूंचे पत्रलेखक ‘सरकार’ म्हणजे एकच डोके आणि एकच हात असे धरून चालतात. ब्राझीलमधल्या लष्करी राजवटीत (१९६४ ते १९८५) नाट्यलेखनाच्या राष्ट्रीय स्पर्धेचे जे झाले, ते पाहता हे गृहीतक टिकत नाही.

ही स्पर्धा घेणारी राष्ट्रीय नाट्यसेवा शिक्षण व संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत होती. नाटकांना कात्री लावणारे अधिकारी मात्र संघीय पोलिसांचे, म्हणजे न्याय मंत्रालयाचे. नाटककार ओदुवाल्दो व्हियाना फिल्यो (सगळे त्यांना व्हियानिन्या म्हणत) यांच्या पदच्युत हुकूमशहावरच्या नाटकाला १९६८ साली या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, आणि त्याच नाटकावर बंदीही आली. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी ‘रास्गा कोरासाँव’ पूर्ण केले. शेवटचा भाग आईला तोंडी सांगितला, तो तिने उतरवून घेतला. जुलै १९७४ मध्ये अवघ्या ३८व्या वर्षी ते गेले. या नाटकालाही पहिले पारितोषिक, आणि पुन्हा बंदी!

नाटकात होते तरी काय? आयुष्यभर डाव्या चळवळीत राबलेला, सांधेदुखीने बेजार झालेला एक सरकारी नोकर आणि त्याचा लांब केसांचा मुलगा. शाळा लांब केसांच्या मुलांना आत घेत नाही, यावरून घरात वादाला तोंड फुटते. एवढ्या घरगुती भांडणाचीही राजवटीला धास्ती वाटली. प्रयोग झाला तो १९७९ मध्ये.

तिसरे उदाहरण याहून बोलके आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये पत्रकार व्लादिमीर हेर्झोग चौकशीसाठी बोलावले म्हणून स्वतःच्या पायांनी साव पावलोच्या लष्करी कोठडीत गेले आणि तिथेच मरण पावले. गळफास घेतल्याचे जाहीर झाले, पण प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रात त्यांचे पाय जमिनीला टेकलेले दिसतात. त्यांचे मेहुणे जुआव रिबेरू शाविस नेतू यांनी त्यावर नाटक लिहिले, त्यात एक सर्कसची मंडळी ही कथा करून दाखवतात. परीक्षकांनी तेही निवडले. या वेळी मात्र पारितोषिकच अडवले गेले आणि नाटकावर बंदी आली.

राजवटीला असल्या स्पर्धा मिरवायला हव्याच असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्या परीक्षकांनी मिरवण्याजोगे काही निवडले नाही. लष्करी कोठडीतल्या मृत्यूवरची संहिता वाचून तिला पहिला क्रमांक देणे, तेही सरकारी स्पर्धेत, याला धाडस लागते. लेखकांनी तेव्हा स्पर्धेवर बहिष्कार टाकला असता, तर ही नाटके कोणत्या परीक्षकांपुढे गेली असती? बंदी घालणाऱ्यांची पंचाईत पारितोषिकानेच केली. सरकारनेच गौरवलेले नाटक टाकाऊ होते, असे म्हणायची सोय उरली नाही.

आपल्याकडे तर दोन मंत्रालयेही नाहीत. राज्य नाट्य स्पर्धा सांस्कृतिक कार्य विभागाची आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळही त्याच विभागाचे. ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्याला पन्नास वर्षे उलटली, तरी संहिता आधी मंडळाकडे पाठवायची पद्धत तशीच आहे. पुरस्कार परत करण्यावरून भांडणाऱ्या उभय पक्षांनी निदान एक मागणी एकत्र करावी : स्पर्धेतल्या नाटकांना पूर्वपरीक्षणाची अट नको. परीक्षक नेमलेलेच आहेत, त्यांनी प्रयोग बघावा आणि गुण द्यावेत.

– एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली